माशानं घडवलेल्या बोटी

‘एका कोळियाने’ वाचलेल्या मराठी वाचकाला सांतियागोची अडचण आठवत असेल. पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेल्या या क्यूबन म्हाताऱ्यानं एकट्यानं झुंजून मार्लिन मारला, पण मासा निघाला त्याच्या होडीपेक्षा दोन फूट लांब. आत घेणं शक्यच नव्हतं. तो कडेला बांधून म्हातारा किनाऱ्याकडे वळला आणि वाटेत शार्कनी लचके तोडायला सुरुवात केली. किनाऱ्याला लागला तो नुसता सांगाडा.

ही गोष्ट लिहिणाऱ्या अर्नेस्ट हेमिंग्वेकडे त्या वेळी स्वतःची बोट होती. नाव ‘पिलार’, लांबी 38 फूट. आफ्रिकेतल्या शिकारीहून परतल्यावर 1934 साली त्यानं ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या व्हीलर कारखान्यातून घेतली. किंमत होती 7,495 डॉलर. एवढे पैसे हातात नव्हते, म्हणून ‘एस्क्वायर’ मासिकाच्या संपादकाकडून पुढच्या लेखांच्या मानधनापोटी त्यानं आगाऊ रक्कम उचलली. व्हीलरच्या ‘प्लेमेट’ मालिकेतल्या या बोटी मुळात घरच्यांना घेऊन समुद्रावर दोन दिवस भटकून येण्यासाठी होत्या. हेमिंग्वेनं तिच्यात स्वतःला हवे ते फेरफार करून घेतले. बाहेरून काळा रंग, मुख्य इंजिन 75 अश्वशक्तीचं आणि आमिष ओढत संथ फिरण्यासाठी वेगळं छोटं इंजिन. सगळ्यांत महत्त्वाचा बदल मागच्या बाजूला होता. तिथली फळी त्यानं 12 इंचांनी खाली उतरवून घेतली आणि तिच्यावर आडवा लाकडी रूळ बसवून घेतला. मोठा मासा त्या रुळावरून सरकत आत यावा, शार्कच्या तोंडी बाहेर लटकत राहू नये, एवढ्यासाठी.

सांतियागोच्या होडीत जे नव्हतं ते ‘पिलार’च्या त्या 12 इंचांत होतं. हौसेखातर मोठे मासे धरणाऱ्यांच्या बोटींचा इतिहास पुढं जातो तो अशाच लहानसहान फेरफारांतून. काही इथं उतरवलं, काही तिथं उचललं. प्रत्येक फेरफारामागं कुठला तरी मासा आहे, त्याची एखादी सवय आहे, आणि ती ओळखणारा एखादा सुतार आहे.

या छंदाची सुरुवात बोटीपासून झालीच नव्हती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर कॅटलिना नावाचं बेट आहे. तिथल्या अ‍ॅव्हलॉन गावी 1898 साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या प्राध्यापकानं रॉड आणि रीळ वापरून 183 पौंडांचा, म्हणजे जवळपास 83 किलोंचा ट्यूना पकडला. तोवर एवढा मासा हातदोरानं ओढून काढायचा, हीच रीत होती. होल्डरनं त्याच वर्षी तिथं ट्यूना क्लब काढला. माशाला निसटण्याची संधी मिळालीच पाहिजे, आणि त्याला पकडायचं तर पकडणाऱ्यानं स्वतःच्या बळावर, हे तत्त्व त्या क्लबनं रुजवलं. पुढं 1939 मध्ये मायकेल लर्नर यांच्या पुढाकारानं आंतरराष्ट्रीय संघटना निघाली आणि तिच्या नियमांनी ते पक्कं केलं. मासा गळाला लागल्यापासून रॉडला किंवा दोराला दुसऱ्या कुणाचा हात लागला, तर तो विक्रमात धरला जात नाही.

वरवर हा नियम रॉड धरणाऱ्यासाठी आहे, पण बोटी घडवल्या त्या यानंच. रॉडला हात लावता येत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी मदत करायची कशी? फक्त बोटीनं. मासा पळाला की त्याच्या मागं बोट न्यायची, तो बुडी मारायला लागला की बोट फिरवून त्याचा कोन बदलायचा, तो थकला की उलटं येऊन दोर सैल करून द्यायचा. म्हणजे बोट हाच दुसरा हात. तो हात झटपट वळणारा हवा, उलटा पळणारा हवा, आणि पाण्याच्या जवळ हवा.

आणि घाई करायला भाग पाडणारा प्राणी होता शार्क.

फ्लोरिडाच्या पूर्वेला, जेमतेम 50 मैलांवर बहामातलं बिमिनी बेट आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये प्रचंड आकाराचे ब्लूफिन ट्यूना बहामाच्या उथळ पठाराच्या कडेनं उत्तरेकडे जात. 1930च्या दशकात श्रीमंत हौशी मंडळी त्यांच्यासाठी बिमिनीला जमू लागली. मासे गळाला लागत, पण पूर्ण मासा हाती येत नसे. दोन-दोन, तीन-तीन तास झुंज दिल्यावर वर येई ते नुसतं डोकं, कारण दमलेल्या ट्यूनाला शार्क खालच्या खाली खाऊन टाकत. 1935 साली हेमिंग्वेनं तिथं शार्कचा दात न लागलेला सबंध ट्यूना बोटीवर आणला, तर त्याची बातमी झाली. त्याच वर्षी बिमिनीला निघाला असताना बोटीच्या कडेला आणलेल्या शार्कवर पिस्तूल चालवण्याच्या गडबडीत गोळी त्याच्याच दोन्ही पायांना लागली होती आणि बोट की वेस्टला परत फिरवावी लागली होती. त्याच्या अनुभवातून पुढच्या सगळ्यांनी एकच गोष्ट उचलली: मासा दमवत बसायचं नाही, शार्क जमायच्या आत त्याला वर आणायचं.

त्यासाठी लागणारी बोट बाजारात मिळत नव्हती. ती बनवली वेस्ट पाम बीचच्या एका घरानं.

जॉन रायबोविच हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून अमेरिकेत आलेला माणूस. सुतारकाम येत होतं, पोटासाठी मासेमारीही केली. 1919 साली त्यानं लेक वर्थच्या खाडीकाठी बोटी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. सगळे त्याला ‘पॉप’ म्हणत. गिऱ्हाईक सुरुवातीला कोळ्यांचंच. मग 1930च्या दशकात पाम बीचला हिवाळ्यात मुक्कामाला येणाऱ्या धनिकांच्या बोटी येऊ लागल्या. इथं एक खुर्ची बसवून द्या, तिथं बांबू लावायला कड्या ठोकून द्या, मागची फळी कापून द्या, अशी कामं. पॉपची तीन मुलं, जॉनी, टॉमी आणि एमिल, याच कामात वाढली. दुसऱ्याच्या बोटी कुठं चुकल्या आहेत, हे वर्षानुवर्षं कापाकापी करताना त्यांना जितकं कळलं, तितकं कुठल्याही शाळेत कळलं नसतं. शिवाय ती स्वतः रॉड धरणारी होती. या धंद्यात ही गोष्ट फार मोलाची ठरली.

युद्ध संपल्यावर पाम बीचमधले शेव्हरोले गाड्यांचे विक्रेते चार्ली जॉन्सन यांनी या भावांना सांगितलं, मला पहिल्यापासून मासेमारीसाठीच बांधलेली बोट द्या. 1947 साली ‘मिस शेव्ही टू’ पाण्यात उतरली. लांबी 34 फूट. आजही या क्षेत्रातली माणसं आधुनिक स्पोर्टफिशिंग बोटीचा जन्म सांगताना याच बोटीपासून सुरुवात करतात.

तिच्यात आणि तिच्या धाकट्या बहिणींत काय होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. पुढचं टोक, म्हणजे नाळ, उंच, कारण समोरची लाट अंगावर येऊ द्यायची नाही. मागचा भाग मात्र इतका खाली की खलाशानं वाकून हात घातला तर पाणी लागावं. आता उंच नाळ आणि खालचा मागचा भाग एका सरळ रेषेत जोडला तर बोट घसरगुंडीसारखी दिसेल. टॉमी रायबोविचनं मध्येच, केबिनच्या शेवटाला, काठाची रेषा एका लांब वळणात खाली उतरवली. बाजूनं पाहिलं की निजलेल्या ‘एस’ अक्षरासारखी ती दिसते. आराखड्याचा प्रश्न त्यानं सोडवला तो डोळ्याला सुख देऊन. या रेषेची नक्कल पुढं जगभर झाली, अजून होते. पण जुन्या रायबोविचवरचं ते वळण ज्यांनी पाहिलंय, त्यांना नक्कल लांबूनही ओळखू येते.

मागच्या मोकळ्या जागेत मधोमध खुर्ची. ही आरामखुर्ची नव्हे. ती खांबावर चौफेर फिरते, पाय रोवायला समोर लाकडी पाटा असतो, दोन गुडघ्यांच्या मध्ये रॉडचा बुंधा बसवायला पितळी खोबण असते. झुंजणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्टा रिळाला अडकवलेला. जोर हातांनी लावायचाच नाही, पायांनी आणि पाठीनं लावायचा. होडी वल्हवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. या खुर्चीला आजचं रूप देण्याचं श्रेयही रायबोविच बंधूंना दिलं जातं. तसंच श्रेय मागच्या फळीतल्या दाराचं. पाण्याच्या पातळीला उघडणारं ते एवढंसं दार. पूर्वी दोन-अडीचशे किलोंचा मासा उचलायला खांब, कप्पी आणि चार माणसं लागत. दार आल्यावर तोच मासा पाण्यावरून सरळ आत सरकू लागला. ‘पिलार’वरचा हेमिंग्वेचा रूळ या दारात येऊन पूर्ण झाला, असं म्हणता येईल.

मग टॉवर. बहामाच्या पठारावर तळाशी पांढरी वाळू, पाणी आरशासारखं. उंचावरून पाहिलं तर त्या फिकट निळ्यावर ट्यूनांचे थवे गडद डागांसारखे सरकताना दिसतात. डेकवरून मात्र डोळ्यांपुढं फक्त लाटांची चमक. म्हणून रायबोविचनी 1952च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जोडून केबिनवर उंच मनोरा उभा केला, आणि वर नुसता टेहळ्या न बसवता सुकाणू आणि इंजिनांच्या दांड्याही नेल्या. कप्तान वरूनच बोट चालवू लागला. थवा दिसला की त्याच्या पुढं जायचं, आमिष बरोबर त्याच्या वाटेत आणून सोडायचं. मासा लागला की खरी धावपळ. पठाराची कड संपली की समुद्र एकदम शेकडो मीटर खोल जातो. ट्यूना त्या खोलात शिरला की दोर रिळावरून नुसता सुटत राहतो, आणि मग शार्क.

अशा वेळी कप्तान सुकाणूकडे पाठ करून उभा राहतो. तोंड मागं, माशाकडे. दोन्ही हात पाठीमागं नेऊन तो दोन्ही इंजिनांच्या दांड्या बोटांनी चाचपत चालवतो. एक इंजिन पुढं, एक मागं, की बोट जागच्या जागी वळते. दोन्ही मागं, की मागची फळी लाटा फोडत माशावर चालून जाते, पाणी उसळून खुर्चीतला माणूस नखशिखांत भिजतो, आणि तो जीव खाऊन रीळ गुंडाळत राहतो. या एका प्रसंगासाठी बोटीचा तळ, वजन, पंखे, सुकाणूची पाती, सगळं आखलेलं असे.

महोगनीच्या फळ्यांचे दोन थर, सांधा असा की नखही अडकू नये, वर रंगाचा आणि वॉर्निशचा हात. वर्षाकाठी मोजक्याच बोटी बाहेर पडत. टॉमी आकार आखी, जॉनी गिऱ्हाइकाशी बोले आणि स्वतः मासेमारीला जाई, एमिल इंजिनं आणि यंत्रकाम बघे. 1972 साली टॉमी गेला. 1975 मध्ये दुकान घराच्या हातून गेलं.

तिथून तासाभराच्या वाटेवर पॉम्पॅनो बीचला मेरिट कुटुंबाचा कारखाना होता. त्यांच्या 37 फुटी बोटी म्हणजे ट्यूनासाठी धारदार केलेली हत्यारं. सजावट कमी, चपळाई जास्त. मेरिटांची मुलं बडी आणि अ‍ॅलन स्वतः बहामातल्या कॅट के बेटावरच्या ट्यूना हंगामात कप्तान म्हणून जात, त्यामुळं बोटीची चूक त्यांना संध्याकाळपर्यंत कळलेली असे.

उत्तरेला, नॉर्थ कॅरोलिनात, गोष्ट वेगळ्या पाण्याची आहे. किनाऱ्यासमोर वाळूच्या बेटांची लांबच लांब रांग आहे, तिला आउटर बँक्स म्हणतात. 1846च्या वादळात या रांगेला भगदाड पडलं आणि त्यातून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या जहाजाच्या नावावरून त्याला ऑरेगॉन इनलेट हे नाव मिळालं. ही खाडी कधी एका जागी राहत नाही. वाळू सरकते, बंधारे उठतात, ओहोटीचं पाणी बाहेरच्या लाटांवर आपटून भिंतीसारखं उभं राहतं. मार्लिन मिळतो तो पलीकडं, गल्फ स्ट्रीमच्या उबदार प्रवाहात. रोज पहाटे या दारातून बाहेर पडायचं आणि संध्याकाळी मागून लाटा येत असताना याच दारातून परतायचं.

इथल्या बोटी त्या दारानं घडवल्या. पाण्यालगत नाळ सुरीसारखी निमुळती, पण वर चढता चढता दोन्ही बाजू उमलत जाव्यात तशा बाहेर झुकतात. याला तिकडे कॅरोलिना फ्लेअर म्हणतात. निमुळता भाग लाट चिरतो, झुकलेली बाजू उडालेलं पाणी बाहेर दाबते. मागून मोठी लाट आली आणि नाळ समोरच्या खळग्यात घुसू लागली, तर तोच फुललेला भाग तिला वर उचलतो. सौंदर्य म्हणून कुणी ही वाट धरली नव्हती. तरीही त्या वक्रतेइतकी देखणी गोष्ट लाकडात क्वचितच पाहायला मिळते.

तिचं मूळ कोळ्यांच्या बोटींत आहे. याच राज्यातल्या हार्कर्स आयलंडवर ब्रॅडी लुईस या कारागिरानं नाळेचा असा फुलोरा रूढ केला. तिथले सुतार कागदावर आराखडा न काढता नुसत्या नजरेनं बोट बांधत. त्याच्याही आधी, 1870च्या दशकात, रोअनोक बेटावर जॉर्ज वॉशिंग्टन क्रीफनं शॅड माशांच्या जाळ्यांसाठी एक शिडाची बोट घडवली होती. राज्यानं 1987 मध्ये तिला आपली अधिकृत ऐतिहासिक बोट म्हणून मान दिला. लाकूड जुनिपरचं, म्हणजे तिकडच्या दलदलीत वाढणाऱ्या पांढऱ्या देवदाराचं. वजनाला हलकं, रेषा सरळ, आणि कुजायला नाखूश.

हॅटरस गावच्या अर्नल फॉस्टरनं 1937 साली ‘अल्बट्रॉस’ बांधून घेतली ती याच परंपरेत, मार्शलबर्गच्या कारागिराकडून. हिवाळ्यात जाळी टाकायची, उन्हाळ्यात शहरी हौशी लोकांना भाड्यानं न्यायचं, असा त्याचा बेत. मागची बाजू गोल, कारण जाळं कोपऱ्यात अडकता कामा नये. एका बोटीचा पुढं तीन बोटींचा ताफा झाला.

पण आजच्या कॅरोलिना बोटीचा धागा धरायचा तर रोअनोक बेटावरच्या वॉरन ओनीलपाशी यावं लागतं. तोही समुद्रावरचाच माणूस. इथले बरेच कप्तान हिवाळ्यात कामासाठी फ्लोरिडाला जात आणि रायबोविच-मेरिटच्या बोटी डोळे भरून पाहून येत. त्या घ्यायची ऐपत नव्हती, आणि तशाच्या तशा बोटी ऑरेगॉन इनलेटला चालल्याही नसत्या. ओनीलनं काठाची ती देखणी रेषा घेतली आणि तिच्यावर घरचा फुलोरा चढवला. 1961 साली ओमी टिलेट या कप्तानासाठी त्यानं ‘स्पोर्ट्समन’ बांधली.

पुढच्याच वर्षी त्या किनाऱ्यावर गॅरी स्ट्यूक्स यांनी 810 पौंडांचा, म्हणजे सुमारे 367 किलोंचा ब्लू मार्लिन पकडून जागतिक विक्रम केला. गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि बोटींची मागणी वाढली. ओमी टिलेट स्वतःही बोटी बांधू लागला. ओनील आणि टिलेटच्या शेडमधून बडी डेव्हिस, सनी ब्रिग्ज अशी पुढची पिढी तयार झाली. सगळ्यांचा दिनक्रम सारखाच. उन्हाळ्यात गिऱ्हाईक घेऊन समुद्रावर, हिवाळ्यात घरामागच्या शेडमध्ये रंधा. एप्रिलमध्ये पाण्यात उतरवलेली बोट पुढचे चार महिने स्वतःच हाकायची आणि तिचे दोष पुढच्या हिवाळ्यातल्या बोटीत सुधारायचे. ओमीबद्दल तिकडचे लोक आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतात. पहाटे सगळ्या बोटी इनलेटकडे निघाल्या की तो रेडिओवर प्रार्थना म्हणे. तेवढा वेळ सगळ्या ताफ्यावर दुसरं कुणी बोलत नसे.

लाकडाच्या या जगाला धक्का बसला तो त्याच राज्यातून, पण समुद्रापासून कितीतरी आत असलेल्या हाय पॉइंट या फर्निचर आणि मोज्यांच्या शहरातून. तिथल्या विलिस स्लेननं जॅक हारग्रेव्हकडून आराखडा करून घेतला आणि 1960च्या मार्चमध्ये 41 फुटी फायबरग्लासची पहिली ‘हॅटरस’ पाण्यात उतरवली. घरचा धंदा मोजे विणायचा, म्हणून बोटीचं नाव ‘निट विट्स’. एवढी मोठी फायबरची बोट टिकणार नाही, असं म्हणणारे पुष्कळ होते. ती टिकली. त्याच सुमारास मायामीच्या डिक बर्ट्रमनं रे हंटच्या खोल ‘व्ही’ तळाची ‘मॉपी’ घेऊन 1960ची मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली. तिच्यावरून निघालेली ‘बर्ट्रम 31’ मध्यमवर्गीय पगारदार माणसाच्याही आवाक्यात आली. साचा एक, बोटी हव्या तितक्या. सुताराच्या नजरेची गरज आता फक्त पहिल्या बोटीपुरती उरली. याचं दुःख करणं सोपं आहे, पण हजारो लोकांना खोल समुद्र दिसला तो या साच्यांमुळंच, हेही तितकंच खरं.

ब्लूफिनचे ते थवे मात्र बहामाच्या कडेला तसे राहिले नाहीत. मोठ्या जाळ्यांनी त्यांची संख्या घटवली आणि ट्यूनाचे हंगाम ओसरले. टॉवर, दार, खुर्ची मागं उरली, आता मार्लिनसाठी आणि बहुतेक वेळा मासा खूण लावून परत सोडण्यासाठी. एमिल रायबोविचचा मुलगा मायकेल फ्लोरिडात पाम बीच गार्डन्सला स्वतःच्या मुलांसह बोटी बांधतो, आणि काका-वडिलांनी बांधलेल्या जुन्या बोटी फळी-फळी बदलून पुन्हा उभ्या करतो.

व्हीलर कारखाना 1960च्या दशकात बंद पडला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी तटरक्षक दलासाठी 83 फुटी 230 बोटी बांधल्या होत्या. त्यांतल्या 60 बोटी नॉर्मंडीला गेल्या आणि त्यांनी पाण्यात पडलेली 1,438 माणसं वाचवली. ‘पिलार’ त्या काळात क्यूबाच्या किनाऱ्यावर जर्मन पाणबुड्या शोधत हिंडत होती. आता ती हवानाजवळ फिंका बिहिया या हेमिंग्वेच्या घरी, टेनिस कोर्टावर छपराखाली कोरडी उभी आहे. तिचा जुना खलाशी ग्रेगोरिओ फुएन्तेस 2002 साली वारला, तेव्हा 104 वर्षांचा होता. आणि 2020 मध्ये व्हीलर घराण्यातल्या पुढच्या पिढीनं जुन्या ‘प्लेमेट’च्या घडणीवर एक नवी लाकडी बोट बांधून घेतली. या वेळचं गाव ब्रुकलिन, पण न्यूयॉर्कचं नव्हे, मेन राज्यातलं. इंजिनं नवी, गोंद नवा. लांबी तीच, 38 फूट.